वारा बांधणारे जहाज

एका राज्यात वाऱ्याने राजाची चाकरी सोडली. बंदर तेच, खलाशी तेच, पण गलबतांची शिडे ओल्या धोतरांसारखी लोंबत. खाडीच्या तोंडाशी टोपीकरांचे एक लढाऊ जहाज नांगर टाकून उभे होते, आणि सगळा वारा त्याच्याच शिडांत भरून राहिला होता. लोक त्याला काळतारू म्हणत. त्याच्या मधल्या डोलकाठीत चुंबकाचा धोंडा बसवलेला होता. जे गलबत जवळ जाई त्याचे खिळे उपटून धोंड्याकडे उडत, फळ्या सुट्या होत, माणसे पाण्यात पडत. काळतारूचा कप्तान मांत्रिक होता. पडलेल्यांना तो जाळ्याने उचली आणि जहाजाच्या पोटात कोंडी.

राजाचे नाव भद्रकेतू. त्याच्या आरमाराचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, धाकोजी. धाकोजीचा पाठचा भाऊ सटवोजी असाच धरला गेला होता. म्हणून राजाने किल्ल्यावरच्या तोफांना बत्ती देण्याचा हुकूम केला, तेव्हा धाकोजी आडवा आला.

"महाराज, त्याच्या पोटात आपली माणसे आहेत. ते बुडवायचे नाही, धरायचे."

"कसे धरशील?"

"ठाऊक नाही. विचारून येतो."

"कोणाला?"

"ज्याने ते जहाज झाड असताना पाहिले, त्याला."

धाकोजी डोंगरावर गेला. तिथे पूर्वी सागाची देवराई होती. आता नुसते बुंधे उरले होते. सर्वांत मोठ्या बुंध्यावर म्हातारा समुद्रगरुड बसला होता.

"सारंगा, काळतारू याच सागांचे," गरुड म्हणाला. "मांत्रिकाने वनदेवीला लाकडात कोंडले आणि जहाजाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, पुतळी करून बसवले. वारा तिचा मुलगा. आई जिथे, लेकरू तिथे."

"तिला सोडवावे कसे?"

"तीन गोष्टी लागतील. जिला खिळा नाही अशी होडी. ज्याला धार नाही असे शस्त्र. आणि ज्याला मान लववता येते असा राजा."

पहिली गोष्ट कष्टाने झाली. एक नव्हे, अनेक होड्यांसाठी सारा कोळीवाडा राबला. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांधे माशाच्या तेलाने माखले. सटवोजीची बायको भागाई हिची एक होडी शिवताना बोटे सोलून निघाली. ती म्हणाली, "भावोजी, ही होडी जाताना भरलेली असेल. येताना तीत एका माणसाची जागा करा."

दुसरीसाठी धाकोजी देवराईतल्या कुंडात उतरला. कुंडाच्या तळाशी ओंजळभर पाणी होते आणि त्याभोवती सर्प वेटोळे घालून होता.

"हे देवीचे पाणी. धार नसलेले शस्त्र ते हेच. याची किंमत आहे," सर्प म्हणाला.

"काय हवे?"

"तुझा आवाज."

आवाजाविना सारंग म्हणजे सुकाणूविना नाव. धाकोजीने घटकाभर विचार केला आणि मान डोलावली. करवंटीत पाणी घेऊन तो वर आला तेव्हा त्याच्या गळ्यातून शब्द फुटत नव्हता.

म्हणून तिसरी गोष्ट राजाला गरुडानेच येऊन सांगितली. राजाने आपल्या हातांकडे पाहिले.

"देवराई मी दिली," तो म्हणाला. "कप्तानाने तोफा दिल्या, मी डोंगर दिला. तेव्हा कोणी रडले नाही. मला वाटले, कोणाचे काही गेले नाही. धाकोजी, मी येतो."

सकाळच्या उन्हात शिवलेल्या होड्या निघाल्या. धाकोजी हात उंचावी, वल्ही पडत. हात फिरवी, होड्या वळत. काळतारूच्या तोफा कडाडल्या. बहुतेक गोळे बुटक्या होड्यांवरून पलीकडे गेले. एक होडी मात्र फुटली. तिच्यातली माणसे पोहत दुसऱ्या होड्यांना बिलगली. चुंबकाला ओढायला काही मिळेना. इतक्यात राजाच्या कमरेचा शेला फाटला आणि आत लपवलेला खंजीर सुसाट उडून डोलकाठीला चिकटला. राजा ओशाळला. धाकोजीला बोलता येत नव्हते, पण तो हसला.

राजा आणि धाकोजी यांची होडी नाळेखाली आली. वरून कप्तान ओरडला, "राजा, माघारी फिर! आणखी तोफा देतो!"

राजाने वर पाहिले नाही. त्याने डोक्यावरचा मंदील उतरवला आणि पुतळीच्या लाकडी पावलांवर कपाळ टेकले. "आई, तुझे घर मी विकले. ते माझे नव्हते."

धाकोजीने त्या पावलांवर पाणी ओतले.

पुतळीने डोळे उघडले. जहाजाच्या फळीफळीला पालवी फुटली. तोफांच्या तोंडांत पाने दाटली, दोरांच्या वेली झाल्या आणि त्यांनी शिपायांचे पाय धरले. मधल्या डोलकाठीला अंकुर आला. धोंडा निखळून समुद्रात गेला. वारा शिडांतून उतरून आईच्या कुशीत शिरला आणि सगळी शिडे कप्तानाच्या अंगावर कोसळली. त्याने मंत्र म्हणायला तोंड उघडले, पण वाऱ्यावाचून शब्द निघेना. वेलींना धरून आपली माणसे वर चढली. रक्ताचा थेंब न सांडता काळतारू हाती आले.

जहाजाच्या पोटाचे झाकण उघडले. बंदी डोळे चोळत उन्हात आले. त्यांत दाढी वाढलेला, हाडांचा सापळा झालेला सटवोजी होता.

"सट्या!" धाकोजीने हाक मारली. पाणी देवीला पोचले तसा आवाज परत आला होता. ते त्याच्या ध्यानातही आले नाही. त्याने भावाला उचलून भागाईच्या होडीत बसवले.

टोपीकर खलाशांना पाणी, तांदूळ आणि एक होडी देऊन राजाने वाटेला लावले. कप्तानाला ठेवून घेतले. "डोंगर तू उघडा केलास, मी करू दिला," राजा म्हणाला. "रोपे दोघांनी लावायची."

मग त्याने देवीला विचारले, "आई, तुला डोंगरावर नेऊ?"

"नको," देवी म्हणाली. "मी आता समुद्र पाहिला आहे. मला खाडीत उभी करा."

खाडीच्या चिखलात त्या जहाजाने मुळे धरली. त्याच्या डोलकाठीवर गरुडाने घरटे बांधले.

आणि वारा बंदरात शिरला. डोलकाठ्या करकरल्या, शिडे फुगली. त्या दिवशी कोणाला कुठे जायचे नव्हते. तरी एकही गलबत किनाऱ्यावर थांबले नाही.