सरकारांच्या बागेचं फाटक

भैरवराव सरकारांच्या पेरूबागेचं फाटक असं करकरायचं, की पहाटे पूजेची फुलं आणायला ते बागेत शिरले की राणीसाहेब दचकून उठायच्या आणि दिवसभर धुसफुसत राहायच्या. वैतागून सरकारांनी बिजागऱ्यांना तेल घालायला लावलं. फाटक गप्प झालं, पण त्याच आठवड्यात चोरांनी अर्धी बाग रिकामी केली.

सरकार महाहट्टी. त्यांनी धोंडू लोहाराला बोलावून फर्मावलं, की पोळ्याच्या आत नवं फाटक बसव. मी उघडलं तर हूं की चूं होता कामा नये आणि चोरानं उघडलं तर वाड्यापर्यंत किंचाळलं पाहिजे. जमलं नाही, तर भाता उचलून दुसरं गाव बघ.

धोंडूनं अन्नपाणीच टाकलं. फाटकाला माणूस कसा ओळखता येणार?

त्याची लेक भागू याच विचारात शेजारच्या ठकूमावशीकडे विस्तव आणायला गेली. मावशीचं फाटक एका अंगाला कललेलं. भागूनं ते ढकललं, तसं ते फरशीवर खरडत असं ओरडलं, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. फाटक आपसूक मिटलं. मागून मावशी पाणी घेऊन आली. तिनं एका हातानं फाटक बोटभर उचललं आणि आवाज न करता आत गेली. भागू विस्तव विसरून घरी पळत सुटली.

पोळ्याच्या दिवशी नव्या फाटकापाशी सगळं गाव जमलं. खालच्या कडेला लोखंडी पट्टी, तिच्याखाली दगडी फरशी. कारभाऱ्यांनी फाटक ढकललं मात्र, राणीसाहेब कानांवर हात ठेवून सज्जात आल्या. मग भागूनं सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि सरकारांच्या कानात काहीतरी सांगितलं. लोक वळून बघतात तो सरकार बागेत उभे.

सरकार खूश झाले, पण हट्ट सुटेना. "आणि एखाद्या दिवशी फाटक न वाजताच पेरू गेले, तर?"

धोंडूचा चेहरा उतरला. भागू मात्र शांतपणे म्हणाली, "या फाटकाची युक्ती आम्हा बापलेकींना आणि तुम्हालाच ठाऊक, सरकार. आधी आमचं घर धुंडाळा. तिथं पेरू सापडले नाहीत, तर राणीसाहेबांना तुमच्या अंगरख्याचे खिसे बघायला सांगा."

सज्जातून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं. सरकार तर पोट धरधरून हसले. हसण्याचा भर ओसरल्यावर त्यांनी हातातलं सोन्याचं कडं भागूला दिलं आणि वाड्याच्या साऱ्या दारांचं काम धोंडूच्या भात्याकडे सोपवलं.