विस्तवावर गुळाचा खडा

फार फार वर्षांपूर्वी घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं. अख्ख्या गावाला विस्तव एकच, वेशीबाहेरच्या भट्टीतला. रात्री घरात विस्तव राखायचा नाही, असा तिथला रिवाज. रोज सकाळी बायका पसाभर धान्य घेऊन भट्टीवाल्याकडे जायच्या आणि खापरातून निखारे आणायच्या.

भट्टी विझू द्यायची नाही, तिच्या विस्तवावर पाणी घालायचं नाही, ही भट्टीवाल्याच्या घराण्याची शपथ. विझलीच, तर पुन्हा पेटवायला पंधरवडा जायचा.

एकदा घाटातून वारा सुटला, तो थांबेचना. लाकडं भराभर जळू लागली. नवी घातली नाहीत तर भट्टी विझणार, घातली तर निखाऱ्यांचा ढीग वाढणार. शेजारीच त्याची गवताची झोपडी, आत लेक बाळंतीण. ठिणग्या छपराकडे उडत होत्या. भट्टीवाल्याचा पाय एका जागी ठरेना.

"धान्य नको, विस्तव तेवढा न्या," तो म्हणाला.

पण भरदुपारी, जेवणं उरकल्यावर, विस्तव कुणाला हवा? कुणी हललं नाही. शेवटी तो काकुळतीला आला. "खापरभर न्याल त्याला वर गुळाचा खडा देतो."

मग काय, रांग लागली. लोक गूळ तोंडात टाकायचे, निखारे मागच्या ओढ्यात ओतायचे, की पुन्हा रांगेत हजर.

भट्टीशेजारी एक म्हातारी राहायची. कुणाच्या घरी काय शिजतं, हे तिला आधी कळायचं. तिनं एका गड्याला हटकलंच. "काय रे, आत्ता तर नेलास. एवढ्यात भात झाला?"

"गूळ संपला, आजी."

म्हातारीनं गुळाला हात लावला नाही. ती नुसते निखारे नेत राहिली, परसातल्या खड्ड्यात टाकून वर माती लोटत राहिली.

"आजी विस्तव पेरतेय," गडी हसला. "उगवला की सांग हो."

"सांगेन. तोवर तू ओढ्यातला शिजव."

वारा पडला. पाठोपाठ धुकं आलं, थंडी आली. भट्टीवाल्याचं कोरडं लाकूड वाऱ्यातच जळून गेलं होतं. उरलेलं ओलं, ते नुसतं धुमसायचं. आता एका निखाऱ्याला पायलीभर धान्य पडू लागलं, तरी गावाला पुरेना. भट्टीत मूठभर लाली उरली. लेकीच्या शेगडीत निखारा घालावा तर भट्टी विझते, न घालावा तर बाळ गारठतं. भट्टीवाला दारातून भट्टीकडे, भट्टीकडून दाराकडे येरझाऱ्या घालत राहिला.

तेवढ्यात म्हातारी टोपली घेऊन आली. टोपलीत काळा, कोरडा, खडखडीत कोळसा.

"घे. तुझाच विस्तव आहे. मातीखाली निजवून ठेवला होता."

त्या मूठभर लालीवर कोळसा पडला आणि भट्टीनं पेट घेतला. पहिला निखारा शेगडीत गेला. बाळाचे पाय ऊब धरू लागले.

"आजी, किती धान्य देऊ?"

"धान्य नको. गुळाचा खडा असला तर दे."

भट्टीवाल्यानं मान खाली घातली. "गूळ सगळा वाटला गं."

"तेच म्हणते मी. नको त्यांना वाटलास."

पुढच्या खेपेला वारा सुटला, तशी माणसं खापरं घेऊन धावली. भट्टीवाला कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून निखाऱ्यांवर माती लोटत होता. माणसं रिकामी खापरं घेऊन परतली. थंडीत मात्र पसाभर धान्यात सगळ्यांच्या चुली पेटल्या.

तात्पर्य: उदंड आलेलं टाकून देण्यासाठी पदरचं खर्चू नये, ते टिकवायची सोय आधी करावी.