घाटावरची मालकीण

फार जुन्या काळी, बातमी माणसाच्या पायांनीच एका गावाहून दुसऱ्या गावी जायची, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा कान देऊनच ऐकावी.

घाटमाथ्यावरच्या एका राज्यात एक सुईण होती. तिच्या हाताला मोठं यश. पोटात मूल आडवं असो की पायाळू, ती तेल लावून, हलक्या हाताने त्याला वाटेवर आणायची. राजधानीतली अर्धी पोरं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. तिचा एक नेम होता. बोलावणं आलं की ती स्वतः जायची, बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवायची आणि मगच तोंड उघडायची. सासू काय सांगते, शेजारीण काय सांगते, याकडे ती लक्ष देत नसे.

राणीचं बाळंतपण अडलं होतं, तेही तिने सोडवलं. राजाने तिला ओंजळभर मोहरा दिल्या. सुईण विधवा होती, मूलबाळ नव्हतं. तिने विचार केला, आज हात चालतात. उद्या थरथरायला लागले तर कोण विचारील?

त्याच सुमारास खालच्या बंदरातला एक माणूस राजधानीत आला होता. कपडे झुळझुळीत, बोलणं मधाळ. तो म्हणाला, "बाईसाहेब, आमच्या बंदरात रोज नवी माणसं येतात. गलबतांवरची, मिठागरावरची. त्यांना राहायला जागा नाही. ओळीने सहा खोल्या विकायच्या आहेत. घ्या, आणि निवांत बसा. भाडेकरू बघणं, डागडुजी करणं, भाडं पोचवणं, सगळं मी बघतो. तुम्हाला घाट उतरायचीसुद्धा गरज नाही."

त्याने कापडावर रंगवलेलं एक चित्र दाखवलं. त्यात लाल कौलं होती, दारात तुळस होती, मधोमध चिरेबंदी आड होता आणि मागे माड डुलत होते. सुईणीला ते चित्र फार आवडलं. तिने खोल्या घेतल्या, त्या माणसाला कारभारी नेमलं आणि चित्र भिंतीवर टांगलं.

दर महिन्याला मिठाच्या तांड्याबरोबर भाडं येऊ लागलं. एकदाही चुकलं नाही. आल्यागेल्याला ती चित्र दाखवायची आणि म्हणायची, "ही माझी घरं."

शेजारी एक म्हातारी तेलीण राहायची. ती एकदा म्हणाली, "अगं, एकदा जाऊन बघून तरी ये. बंदर आठ दिवसांच्या वाटेवर आहे, काशी नव्हे."

"बघायचं काय त्यात? भाडं वेळेवर येतंय, म्हणजे घर ठीकच असणार."

"पोटाला हात लावल्याशिवाय तू कुणाचं ऐकत नाहीस, आणि घराचं मात्र ऐकून घेतेस?"

सुईण हसली. "बाळंतिणीचा जीव असतो गं. घराला कसला जीव?"

अशी पाच वर्षं गेली. मग एके दिवशी भाड्याच्या थैलीसोबत नव्हे, तर एका वाटसरूच्या हाती एक पत्र आलं. सुईणीला वाचता येत नव्हतं. देवळातल्या गुरवाने वाचून दाखवलं. सहाव्या खोलीतल्या एका मिठागऱ्याने ते लिहवून घेतलं होतं. 'मालकीणबाईंना दंडवत. छप्पर गळतं. आडाचा काठ ढासळला म्हणून कारभाऱ्याने आड बुजवला, पाणी लांबून आणावं लागतं. भाडं दोनदा वाढवलं. आम्ही देतो. पण माझ्या बायकोचे दिवस भरत आले आहेत, तिला एवढी वाट झेपत नाही. आपण आईच्या ठिकाणी आहात. काही करावं.'

सुईणीला कळवळा आला. जावं, असं तिच्या मनात आलंही. पण सेनापतीच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, तिथे मानाचं लुगडं मिळणार होतं. शिवाय घाट, ऊन, आठ दिवसांची वाट. तिने गुरवाकडून त्याच पत्राच्या पाठीवर लिहवून घेतलं, 'या माणसाचा नीट बंदोबस्त करावा.' आणि ते पत्र कारभाऱ्याकडे धाडून दिलं.

पुढल्या महिन्यात निरोप आला, 'बंदोबस्त केला. आता कुणाची तक्रार नाही.' सुईण समाधानाने जेवली.

आणखी दोन वर्षांनी तिचे हात खरंच थरथरायला लागले. मोठ्या घरांनी दुसरी सुईण धरली. तेव्हा तिने ठरवलं, आपल्याच एका खोलीत जाऊन राहावं. मिठाचा तांडा परत निघालाच होता. ती कुणाला न कळवता त्यांच्याबरोबर घाट उतरली.

बंदरात पोचली तेव्हा भर दुपार होती. विचारत विचारत ती त्या ओळीपाशी आली. कौलं कुठेच नव्हती, कुजका पेंढा होता. तुळस नव्हती, माड नव्हते. मधोमध दगडमातीचा एक ढीग होता. पत्ता चुकला असं वाटून ती पहिल्याच दाराशी थांबली. आत एक म्हातारी जाळं विणत होती.

"आई, घोटभर पाणी मिळेल का?"

म्हातारीने लोटा दिला. "जपून पी गो बाई, पाणी खाडीपलीकडून आणावं लागतं. इथला आड मालकिणीने बुजवला."

"मालकिणीने?"

"घाटावर असते म्हणे. आम्ही तिला कधी पाहिली नाही. पण तिचा हुकूम मात्र दर महिन्याला येतो. भाडं वाढवा, हा तिचा हुकूम. बकरी बांधू नका, हा तिचा हुकूम. कारभारी म्हणतो, मी काय करू, बाई फार कडक आहे."

सुईणीने लोटा तोंडापासून दूर केला. तिने विचारलं, "मग कुणी तिच्या कानावर घातलं नाही?"

"शेवटच्या खोलीतल्या मिठागऱ्याने घातलं ना. त्याची बायको गरोदर होती. येसू तिचं नाव. हसरी पोर. मालकिणीचं उत्तर आलं त्याच पत्राच्या पाठीवर. कारभाऱ्याने सगळ्यांसमोर वाचलं, यांचा बंदोबस्त करा. संध्याकाळच्या आत सामान बाहेर फेकलं. कुठे जाणार बिचारी? मिठागराच्या बांधावर तिला कळा लागल्या. मूल आडवं होतं. खाडीपलीकडची सुईण दुसऱ्या गावाला गेलेली." म्हातारीने जाळ्यातली गाठ ओढून घट्ट केली. "दोन्ही गेली."

सुईण उंबऱ्यावर बसली. आडवं मूल. अशी किती मुलं तिने फिरवली होती, तिला मोजताही आली नसती.

मग ती म्हणाली, "आई, ती मालकीण मी."

म्हातारी ओरडली नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाली, "पाणी पिऊन झालं असेल तर लोटा ठेव."

सुईण तशीच उठून कारभाऱ्याच्या घरी गेली. ते घर चांगलं चिरेबंदी होतं, लाल कौलांचं. दारात तुळस होती. चित्र याच घराचं होतं.

"माझ्या नावाने काय केलंस हे?" ती किंचाळली.

कारभाऱ्याने तिला बसायला पाट दिला. "बाईसाहेब, सात वर्षांत तुम्ही एकच गोष्ट विचारलीत, भाडं निघालं का? ते मी कधी चुकवलं नाही. तक्रारीचं पत्रही तुम्हीच माझ्याकडे पाठवलंत, तक्रार करणाऱ्याच्या नावासकट. बंदोबस्त करा म्हणालात. मी केला."

तिने त्याला त्या क्षणी काढून टाकलं. गाठीशी जपलेल्या पाटल्या मोडून आड उपसला, छपरं शाकारली, भाडं निम्मं केलं. मग ती मिठागरावर गेली. येसूचा नवरा उन्हात मीठ ओढत होता. ती हात जोडून म्हणाली, "बाबा, सहावी खोली तुझी. जन्मभर फुकट राहा."

त्याने मान वर केली. "आम्ही भाडं देत होतो, बाई. फुकट कधीच मागितलं नव्हतं." आणि तो पुन्हा मीठ ओढू लागला.

मग सुईण स्वतःच त्या सहाव्या खोलीत राहिली. आडाला गोडं पाणी लागलं. बायका यायच्या, पाणी भरायच्या, तिच्याशी बोलायच्या नाहीत. त्या ओळीत पुढे कितीतरी बाळंतपणं झाली. भिंतीपलीकडून कळांचा आवाज आला की ती उठून दारात उभी राहायची. हात धुऊन, पदर खोचून. पण निरोप घेऊन धावणारी माणसं तिच्या दारावरून पुढे जायची आणि खाडीपलीकडच्या सुईणीला घेऊन यायची. ती मरेपर्यंत त्या बंदरात कुणी तिला बोलावलं नाही.

तात्पर्य : ज्या घराचं भाडं आपण घेतो, त्या घरातलं दुःखही आपल्याच नावावर पडतं, ते न पाहिल्याने टळत नाही.