दोन वाट्या खीर

पूर्वी वेत्रवतीच्या काठी हेमपुरात चंडकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या स्वयंपाकघरात अन्न चाखण्याचे काम करीत असे. राजाच्या ताटातला पहिला घास त्याचा. तीस वर्षांत त्याची जीभ अशी तयार झाली होती की, कढीत मीठ कोणत्या आचाऱ्याने घातले तेही तो सांगे. लोक त्याला बाबा म्हणत.

चंडकेतू मोठा धूर्त होता. वरच्या आळीच्या चहाड्या तो खालच्या आळीकडून ऐके आणि खालच्या आळीतल्यांना फटके वरच्या आळीकडून देववी. दोन्ही आळ्यांचे तरुण पुढारी, यशोमित्र आणि कालक, त्याने एकाच तळघरात साखळदंडांनी बांधून ठेवले होते. बोधिसत्त्व आपल्या वाटणीची पेज लपवून तिथे नेई. वाडगा एकच असे. "आधी तू पी" म्हणून दोघे भांडत, आणि म्हाताऱ्याला हसू येई.

पुढे लोक उठले. तळघर फुटले, चंडकेतू रानात पळाला. तीन दिवस नगरात नाचगाणे चालले. चौथ्या दिवशी कुणाला तरी आठवले की, आपल्या भावाला फटके मारणारा माणूस शेजारच्या आळीतच राहतो. राजा गेला होता, पण त्याने शिकवलेले भय घरोघरी मुक्कामाला होते. त्यांनी भाले ठेवले तर आम्ही ठेवू, असे दोन्हीकडचे म्हणत. आधी ठेवायची छाती कुणालाच होईना. राजाने मारली नव्हती इतकी माणसे दोन वर्षांत त्यांनी एकमेकांची मारली.

शेवटी थकून दोघे पुढारी तहासाठी एका पंगतीला बसले. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी आपल्या घरून खीर आणली होती. वडीलधारा म्हणून मध्ये बोधिसत्त्वाला बसवले होते. मागे दोन्हीकडचे भालेकरी उभे होते. वाट्या समोर आल्या, पण हात कुणाचाच पुढे होईना.

बोधिसत्त्वाने जुन्या सवयीने दोन्ही वाट्यांत बोट बुडवून जिभेला लावले. पहिल्या वाटीने जीभ बधिर झाली. दुसरीनेही तेच केले. दोन्हींत बचनागाचे विष होते! समोरचा आपल्याला मारणारच, तर आपणच आधी मारू, असे दोघांनाही वाटले होते.

बोललो तर भाले इथेच चालतील, गप्प बसलो तर ही दोन्ही पोरे मरतील, हे त्याला कळले. आपली पेज पिऊन जगलेली पोरे! त्याचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही वाट्या एका वाडग्यात रिकाम्या केल्या आणि वाडगा ओठांकडे नेला.

"बाबा, थांबा!"

दोन हात एकदमच त्याच्या मनगटावर पडले. वाडगा मातीत उपडा झाला.

"त्यात विष आहे," कालक रडत म्हणाला. "मी घातलंय."

"तू कसं? मी घातलंय!" यशोमित्र म्हणाला.

आणि मग दोघे एकमेकांकडे बघतच राहिले.

"तुम्ही हात धराल की नाही, मला ठाऊक नव्हतं रे," बोधिसत्त्व म्हणाला. "तळघरात एका वाडग्यातून पेज प्यायचात, तेव्हा ती आधी कुणाकडून चाखून घ्यावी, असं वाटलं होतं का?"

भाले त्या दिवशी खाली पडले नाहीत. भय एका जेवणाने जात नाही. पण त्यानंतर दर पौर्णिमेला ते दोघे चौकात, सगळ्यांदेखत, एकाच वाडग्यातून पेज पीत. पहिल्या वर्षी लोक भाले घेऊन बघायला येत. तिसऱ्या वर्षी ते लेकरांना कडेवर घेऊन येऊ लागले, आणि मग हात भाल्यासाठी मोकळे उरले नाहीत.

भगवान शास्त्यांनी जेतवनातल्या विहारात ही कथा सांगितली, तेव्हा महिनाभर एकमेकांशी अबोला धरलेले दोन भिक्षू समोर बसले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा चंडकेतू म्हणजे आज माझ्याशी वैर धरणारा देवदत्त. यशोमित्र आणि कालक तुम्ही दोघे होता, आणि तो अन्न चाखणारा मीच. ज्याच्या हातात विष आहे त्याच्या मनात मायाही असेल, हा भरवसा म्हणजेच मैत्री. त्या जन्मी मी तीच पारमिता, त्या गुणाची परिपूर्णता, साधली."

भिक्षेला निघताना त्या भिक्षूंपैकी एकाने दुसऱ्याचे पात्र धुऊन आणले.