म्हशीच्या तोंडाची नानकटाई

तुमच्या-आमच्या पणज्या अजून जन्मायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. हिवरखिंडीत द्वारकाक्का राहायची. हाताला कष्ट, जिभेला तिखट. तिची एकुलती एक लेक यमू. यमूची सासरची पहिली दिवाळी, म्हणून अक्कानं आपल्या काजळी नावाच्या म्हशीचं तूप चार महिने साठवलं. स्वतःच्या भाकरीला बोटभरसुद्धा लावलं नाही. त्या तुपात नानकटाई मळली, गोल वळली, गावच्या भट्टीवर भाजायला दिली. भाजून आली तशी पाटी भरून सासरी धाडली.

चौथ्या दिवशी पाटी परत आली आणि पाटीमागून यमू आली. डोळे रडून सुजलेले. सासूनं चार बायकांत तिला ऐकवलं होतं, "खवट तेलाचं खायला घालते होय तुझी आई? पुढल्या दिवाळीला तुपाची आण, तोवर राहा माहेरीच."

अक्कानं एक नानकटाई तोंडात टाकली आणि थू करून थुंकली. तेलच होतं! तशीच तरातरा भट्टीवर गेली. भट्टीवाला भानाप्पा गावाची तुपाची नानकटाई बाजारात विकायचा आणि लोकांच्या ताटात स्वतःची तेलाची भरायचा. सगळ्यांना संशय होता, पण बोलणार कोण?

भानाप्पा हसला. हो, हसला मेला! म्हणाला, "अक्का, सगळ्यांची नानकटाई गोलच. तुझ्या नानकटाईवर काय तुझं नाव कोरलंय?"

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिनं रॉकेलचा रिकामा डबा कापला, पत्र्याच्या बोटभर रुंद पट्ट्या काढल्या. हाताला कापू नये म्हणून एक कड दुमडली, दुसरी धारदार ठेवली. पट्टी वरवंट्याभोवती वाकवली, टोकं ठोकून जोडली. साचा झाला, काजळीच्या तोंडाचा, दोन शिंगांसकट. असं म्हणतात, की अक्काला इतका राग आला होता की पत्रा तिच्या नुसत्या हातात तापून लाल व्हायचा.

वर्षभर राग निवला नाही. समोर लेक बसलेली, तिला बघून तो कसा निवणार? अक्कानं घराघराला ओळखीचा वेगळा साचा करून दिला. कुणाला मोट, कुणाला पोपट, कुणाला नांगराचा फाळ.

दिवाळी आली. अक्कानं पुन्हा तूप साठवलं होतं, शिंगांची नानकटाई कापून भट्टीवर दिली. पण भानाप्पाची खोड जाते कुठली! "अक्का, तुझी ताटं जळाली गं," म्हणाला. आतमध्ये त्यानं तिचं पीठ चुरडून गोल वळलं होतं आणि भट्टीत सरकवलं होतं.

असं म्हणतात, की गोल घातलेली ती नानकटाई भट्टीतून शिंगं घेऊन बाहेर आली. त्यानं चुरडून पुन्हा मळली, पुन्हा घातली, पुन्हा शिंगंच. तिसऱ्यांदा भट्टीचं दार उघडलं, तर ताटच्या ताट हंबरलं! गावभर ऐकू गेलं. बायका लाटणी घेऊन धावल्या. भानाप्पा जो पळाला, तो कुणाला दिसला नाही.

अक्कानं पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, यमूला पुढं घातलं आणि सासूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"खा विहीणबाई. आणि त्याच चार बायकांना बोलवून सांगा, वास कशाचा येतोय."

सासूनं खाल्ली. मान खाली घालून म्हणाली, "तुपाचा."

"मोठ्यानं," अक्का म्हणाली.

आजही हिवरखिंडीत गोल नानकटाई होत नाही. भट्टीवाल्यानं प्रत्येक ताटातली पहिली नानकटाई मालकिणीसमोर उभं राहून खायची, तेव्हा कुठं ती त्याला मजुरी देते. आणि लेक सासरी निघाली, की द्वारकाक्काचं नाव घेऊन तिच्या हातात पत्र्याचा साचा देतात. अंगावरचे दागिने कधीकधी सासरची माणसं काढून घेतात. साच्याला हात लावायची छाती अजून कुणाची झालेली नाही.