शंभर लाल फेटे

एका गावात पाटाच्या काठी दोन रंगारी शेजारीशेजारी राहत. थोरला दुलबा, धाकटा कान्हू. लाल रंगासाठी मंजिष्ठेची मुळी तीच, तुरटीही एकाच दुकानातली, पण कान्हूचा लाल फेटा दहा धुण्यांनंतरही तसाच राही. गिऱ्हाईक दुलबाच्या दारावरून पुढे जाई आणि दुलबाचा जीव जळे. कान्हूच्या उंबऱ्याबाहेरच्या गिऱ्हाइकांच्या चपला तो रोज सकाळी मोजायचा, मग त्याला भाकरी गोड लागायची नाही.

अशात राजाचा हुकूम आला, की दिवस उगवताना प्रत्येकाने चावडीपुढे उभं राहून राजनिष्ठेची शपथ म्हणायची. दुलबाचा आवाज खणखणीत, म्हणून कारभाऱ्यांनी त्यालाच पुढे उभं केलं. आधी तो म्हणे, मग सारं गाव. एवढा मान मिळाला, तरी घरी परतताना नजर शेजारच्या चपलांवर जाईच.

आता, जो दुकानदार दहादा ‘माल अस्सल’ म्हणतो, त्याच्या कापडाचं ठाण आधी उलगडून बघावं, हे बाजारात कोणीही सांगेल. कारभाऱ्यांना बाजार ठाऊक नव्हता.

राजाची स्वारी गावात यायची होती. स्वागताचे शंभर लाल फेटे रंगवायचं काम कान्हूला मिळालं, आणि दुलबाला राहवेना. त्याने कारभाऱ्यांच्या कानी घातलं, की कान्हू शपथेला कधीच नसतो; अशा माणसाच्या हातचे फेटे राजापुढे कसे चालतील?

कान्हूला बोलावणं आलं.

“सरकार, त्या वेळी मी पाटाच्या मुखाशी असतो,” तो म्हणाला. “कोसभर लांब आहे. रोजचा गाळ, पाला उपसला नाही तर पाणी अडतं. माझा बापही हेच करायचा.”

“शपथेपेक्षा गाळ मोठा?” कारभारी म्हणाले, आणि लोक हसले.

ठरलं ते असं: कान्हूने महिनाभर वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही, शपथेला पहिल्या रांगेत उभं राहायचं. फेट्यांचं काम दुलबाकडे गेलं.

कान्हू शपथ म्हणू लागला. आठवड्यात पाट बारीक झाला, पंधरवड्यात कोरडा पडला. कान्हूने दोनदा चावडीवर सांगून पाहिलं. दुलबा म्हणाला, हा सुटायची निमित्तं काढतोय. पिण्याला विहीर होती, त्यामुळे कोणी फार मनावर घेतलं नाही.

पण लाल रंगवलेलं कापड वाहत्या पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर वरचा कच्चा रंग निघून जात नाही. दुलबाने शंभर फेटे डबक्यात खळबळले आणि सावलीत वाळवले. वरून दिसायला लालभडक.

स्वारी आली. भर उन्हात शंभर जण फेटे बांधून शपथ म्हणू लागले. घाम फुटला तसे कपाळांवरून लाल ओघळ सुटले. तोंडात शपथ, मिशीत रंग. राजाला आधी वाटलं, रक्तच आलं.

“हे रंगवले कोणी?”

“मी, महाराज,” दुलबा पुटपुटला. “पण पाटाला पाणीच नाही. रंग धुणार कशात?”

“पाणी का नाही?”

कारभारी कपाळ पुसू लागले. एक म्हातारी कोष्टीण तेवढी बोलली, “पाणी आणणारा माणूस पहिल्या रांगेत उभा केलाय, महाराज.”

राजाने पाहिलं. कान्हूच्या डोक्याला स्वतःचाच जुना फेटा होता. घामाने चिंब, पण कपाळ स्वच्छ.

राजा म्हणाला, “उद्यापासून शपथ ज्याला म्हणायची त्याने म्हणावी. पाट मात्र पाळीपाळीने सर्वांनी उपसावा. पहिली पाळी कारभाऱ्यांची आणि या आवाजवाल्याची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलबा पाटाच्या मुखाशी गुडघाभर गाळात उभा होता. कान्हूने त्याच्या हाती फावडं दिलं. मुखातून पाणी सुटलं, तसं दुलबाने खालच्या आवाजात विचारलं, “तुझ्या लालीचं गुपित काय रे?”

“सकाळचं पहिलं नितळ पाणी, दादा. ते तुझ्या दारावरूनही वाहत होतं. तू तेव्हा माझ्या दारातल्या चपला मोजत होतास.”

तात्पर्य एवढंच गाठीला बांधा: निष्ठेचा रंग कच्चा की पक्का, हे आवाजावरून कळत नाही, घाम आल्यावर कळतं.