शेवटची बाभूळ

फार वर्षांपूर्वी, सकाळी बरोबर सव्वासहाला, रानातल्या हॉकी संघाचा मालक गवा वारला. ढाल जिंकली की किंवा मालक गेला की संघानं बाभळीच्या नव्या काठ्यांनी खेळायचं, अशी रीत. कोल्हा कुऱ्हाड घेऊन संघासह शेवटच्या बाभळीखाली आला. वर सुगरणीची पिलं होती. सुगरण खाली झेपावली.

"कोल्होबा, थांबा!"

"अगं, मालकांनी सात ढाली जिंकून दिल्या!"

"दिल्या की. मीपण नाचले. पण दर ढालीमागं एक बाभूळ पडली, ते कोण सांगणार?"

कोल्ह्यानं कुऱ्हाड उगारली. तोच कर्णधार खारीनं आपली झिजलेली काठी बुंध्याला टेकवली. "ही काठी ज्या बाभळीची, तिच्यात माझं घर होतं. मी ह्याच काठीनं खेळेन."

मागोमाग साऱ्या संघानं काठ्या टेकवल्या. कोल्ह्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

सुगरण म्हणाली, "मालकांच्या ढाली सांगाल, तिथं बाभळीही सांगा बरं. आणि ऐकेल त्याला म्हणावं, पुढं सांग."